नायिकेचं पहिलं बाळंतपण

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट कोल्हापुरात लहान पोरांनाही ठाऊक असते. हा नंदी म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. सासूबाई ही गोष्ट माझ्या मुलीला झोपवताना सांगायच्या आणि मी आत भांडी आवरताना ऐकायचे. दर वेळी माझ्या मनात एकच हिशोब सुरू व्हायचा. पुढं गेला तेवढा मागं आला नाही, मग मधला तो कणभर काळ जातो कुठं? माझी ‘गहूभर पुढं’ ही कादंबरी त्या हिशोबातून निघाली.

काळाच्या पलीकडं जायला दार लागतं. ते मी संध्यामठात ठेवलं. रंकाळ्यातला हा दगडी मठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडा पडतो. म्हणजे माझं दार वर्षातून थोडेच दिवस उघडं, आणि ते कधी उघडायचं हे पावसाच्या हातात. पुढं काही वाचकांनी विचारलं, अंबाबाईचा किरणोत्सव का घेतला नाही, त्याच्याइतकी नाट्यमय जागा दुसरी कुठली? खरंय. पण देवीच्या गाभाऱ्याला मी कथेची पळवाट करावी हे मनाला पटलं नाही.

माझी सायली आजची मुलगी. कोल्हापुरात मालिकांचं शूटिंग चालतं, तिथं ती साउंडचं काम करते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती मठात उतरते आणि बाहेर येते ती १९३२ च्या कोल्हापुरात. हे साल मी फार विचार करून निवडलं. १९२९ साली ‘प्रभात’ ही सिनेमा कंपनी इथं सुरू झाली, १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट इथंच तयार झाला आणि १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. आवाजावर जगणाऱ्या मुलीला सिनेमाला नुकताच आवाज फुटला होता त्या वर्षात नेऊन सोडायचं, आणि तिचं मन जडवायचं ते कंपनीत पडदे रंगवणाऱ्या दत्तावर. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा बनवला, त्या गावात पडदे रंगवणारा पोरगा नायक म्हणून मला शोभला. शांताराम, दामले, फत्तेलाल ही ‘प्रभात’ची माणसं माझ्या पुस्तकात लांबून दिसतात, एकही वाक्य बोलत नाहीत. जी माणसं खरोखर होऊन गेली त्यांच्या तोंडी माझं वाक्य घालायचं नाही, हा नियम मी पहिल्याच पानाआधी ठरवला होता आणि शेवटपर्यंत पाळला.

मी एका पतसंस्थेत हिशोब बघते. नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. लिहायचं ते पहाटे, नळाला पाणी यायच्या आत. पाणी आलं की लिखाण संपलं. शनिवारी दुपारी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचं. १८५० सालचं हे ग्रंथालय. तिथं जुनं काही वाचत बसलं की मधेच एखादी बारीकशी गोष्ट हाताला लागते आणि सगळं प्रकरण उभं राहतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै हा हिशोब मी पतसंस्थेतल्या व्याजासारखा घोकून काढला. सायलीच्या पर्समधल्या पाचशेच्या नोटेचा तिथं काही उपयोग नव्हता. जिथं एखाद्या वस्तूचा नक्की दर हाती लागला नाही, तिथं मी सायलीला पाहुणी केलं आणि पैसे दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावले.

आवाजाचा भाग मी सगळ्यात मन लावून लिहिला. पार्श्वगायन १९३५ च्या सुमाराला आलं. त्याआधी नटानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः गायचं आणि वाजवणाऱ्यांनी चौकटीबाहेर, झाडाआड, पडद्याआड दडून साथ करायची. गाणं आणि अभिनय एका दमात. मधेच कावळा ओरडला की पहिल्यापासून. आजच्या मुलीला हे समोर दिसल्यावर काय वाटेल? ती अख्खं गाणं श्वास धरून ऐकते, आणि ते संपल्यावर दत्ता तिला विचारतो, ‘तुमच्याकडं पहाटे उठल्यावर आधी काय ऐकू येतं?’ ते प्रकरण लिहिताना मी खिडकी उघडून खरंच ऐकत बसले. दुधाच्या गाडीचा हॉर्न, कुणाची तरी मोटर सुरू झाल्याची घरघर, लांबून भोंगा. सायलीनं त्याला जे सांगितलं ते हेच.

कादंबरी आधी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत क्रमशः आली. खाली माझा मोबाइल नंबर छापायचे. रविवारी सकाळी आठ वाजल्यापासून फोन. पहिल्या काही आठवड्यांतच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलगी मठातून थेट १९३२ मध्ये गेली याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिथं गेल्यावर ती काय खाते, कुठं झोपते, नऊवारी कुणाची नेसली, याचा मात्र प्रत्येकाला हिशोब हवा होता. सातवीतला एक मुलगा दर रविवारी फक्त एवढंच विचारायचा: मोबाइलची बॅटरी किती टक्के राहिली? मी पुढच्या भागात आकडा घालायला लागले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मुंबईच्या प्रकरणासाठी मला मोलाची माहिती दिली. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबई शहरानं १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ सोडली नाही. रेल्वेचं घड्याळ शहराच्या घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटं पुढं असायचं. काळ ओलांडून आलेली माझी मुलगी मुंबईत उतरते तर तिथं एकाच शहरात दोन काळ चाललेले! तो परिच्छेद माझा असला तरी त्यातला जीव काकांचा आहे.

याच दिवसांत एका कार्यक्रमात एका जाणत्या समीक्षकांनी मला सांगितलं की काळ ओलांडायच्या कथांचा हा प्रकार पाश्चात्त्यांचा, मराठी मातीत रुजायचा नाही. मी गप्प राहिले, पण ते लागलं होतं. त्याच आठवड्यात कागलकडच्या एका कीर्तनकार बुवांचा फोन आला. म्हणाले, ‘बाई, तुमची सायली म्हणजे आमची रेवतीच की.’ आणि फोनवरच कथा लावली. ककुद्मी राजा आपल्या लेकीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकी गेला, हिला वर कोण करू विचारायला. तिथं गंधर्वांचं गायन चाललं होतं, म्हणून तो क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर विचारलं तर ब्रह्मदेव हसले. म्हणाले, तू मनात धरलेले सगळे वर, त्यांची पोरं, नातवंडं, कुणी उरलं नाही. सत्तावीस चतुर्युगं उलटली. आता खाली जा आणि बलरामाला मुलगी दे. भागवताच्या नवव्या स्कंधात आहे हे. लग्न जमवायला गेलेला बाप, मधे एक गाणं, आणि मुलगी युगं ओलांडून सासरी. बुवांच्या फोननंतर ‘परदेशी प्रकार’ हा शब्द माझ्या मनातून कायमचा गेला.

खरी उलथापालथ केली ती राजारामपुरीतल्या भिशीनं. माझ्या धाकट्या जावेची भिशी. त्या सगळ्याजणी पुरवणी वाचायच्या आणि कथा शेवटाकडं आली तेव्हा मला बोलावणंच आलं. कंपनी पुण्याला निघालीय, दत्ताला जावंच लागणार, आणि पुण्याला गेलं की रंकाळा सुटला, म्हणजे दार सुटलं. सायलीनं काय करावं? माझ्या मनात तिनं दत्ताबरोबर जावं असं होतं. कॉलेजातल्या मुली मला फोनवर तेच सांगत होत्या, जाऊ दे तिला, प्रेम आहे ना.

भिशीतल्या बायका पन्नाशीच्या पुढच्या. चहा आला, भडंग आलं आणि निवृत्त नर्स असलेल्या एक मावशी म्हणाल्या, ‘जाऊ दे की. पण बाळंतपण कुठं करणार ती?’

खोली शांत झाली. मावशींनी सगळं बोटावर मोजून सांगितलं. पेनिसिलीन १९२८ ला सापडलं खरं, पण रोग्याच्या हाताला लागायला चाळीसचं दशक उजाडलं. बाळंतरोग, धनुर्वात, रक्त जाणं. ‘माझ्या आजीच्या अकरांतली पाच जगली,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या पोरीला हे सगळं माहीत आहे. माहीत असून ती तिथं राहील?’

कुणीतरी म्हणालं, मग परत आणा तिला. दुसरी म्हणाली, नवऱ्याला सोडून? आणि मग माझ्या जावेची शेजारीण, आतापर्यंत एक शब्द न बोललेली, एकदम म्हणाली, ‘तुम्ही एवढा विचार कशाला करताय? मी लग्न करून आलो तेव्हा माहेरी गॅस होता, नळ होता, मी सायकलवरनं कॉलेजला जात होतो. सासरी चूल, आडाचं पाणी, डोक्यावरनं पदर. मी पण चाळीस वर्षं मागंच गेलो की. राहिलोच ना?’

‘आणि बाळंतपण?’ मावशींनी विचारलं.

‘ते माहेरी केलं. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय.’

मग सगळ्याजणी एकदमच बोलायला लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी! सायलीचं माहेर आजच्या कोल्हापुरात. मग तिला आणायचं कधी? दार उन्हाळ्यात उघडतं. सातव्या महिन्यात ओटी भरून पाठवायची रीत. म्हणजे सातवा महिना वैशाखात यायला हवा. पाच-सहाजणींची बोटं एका वेळी पेरांवर फिरायला लागली: कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. म्हणजे दिवाळीत दिवस राहिले पाहिजेत. बाळंतपण आषाढात, तेव्हा रंकाळा तुडुंब. पाणी उतरेपर्यंत, पुढच्या वैशाखापर्यंत, ती आईकडं. तोवर पोर दहा महिन्यांचं होईल, बसायला लागेल, न्यायला हरकत नाही. सगळं जमलं. त्या दिवशी पैशांची चिठ्ठी काढायची राहूनच गेली.

मी घरी येऊन शेवटची प्रकरणं नव्यानं मांडली. १९३४ च्या वैशाखात सायली पुण्याहून गाडीत बसते. पुणे-मिरज आणि मिरज-कोल्हापूर दोन्ही मार्ग तेव्हा मीटरगेज. मिरजेला दत्ताची थोरली बहीण तिला शिदोरी द्यायला स्टेशनवर येते. तिला खरं काहीच ठाऊक नाही. ती फक्त म्हणते, ‘आईला सांग, पोर माझ्या भावावर जावं.’ हे वाक्य छापून आलं त्या रविवारी माझ्या फोनची रिंग दुपारपर्यंत थांबली नाही. बायका फोनवर बोलायच्या कमी, रडायच्या जास्त. कुणी आपल्या नणंदेची आठवण सांगत होतं, कुणी एसटी स्टँडवर सोडायला आलेल्या दिराची.

मात्र त्यानंतरचा एक फोन इचलकरंजीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या तरुणाचा होता. मागांच्या खडखडाटात तो ओरडून बोलत होता. ‘म्याडम, सगळं बरोबर हाय. पण दर वेळी पोरीनंच का जायचं? दत्ताला काय पाय न्हाईत?’ मला त्याला द्यायला उत्तर नव्हतं, आणि तेच मला आवडलं. तोपर्यंत दत्तानं हे दार ओलांडायचं हा विचार ना मला सुचला होता ना भिशीला. आम्हा सगळ्या बायकांच्या डोक्यात जाणारी ती बाईच होती. पण नवरा बायकोला न्यायला येतो ही रीतही आपलीच आहे की. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दत्ता बायकोला न्यायला येतो. आजच्या रंकाळ्यावर, चौपाटीच्या भेळेच्या गाड्यांच्या उजेडात, धोतर आणि कोट घातलेला. सासूबाईंच्या घरी जावई म्हणून पाटावर बसतो, लेकाला मांडीवर घेतो, आणि पंख्याच्या वाऱ्यात त्याची टोपी उडते. ती दोघं परत गेली का, हे मी लिहिलं नाही. त्यावर घराघरांत वाद आहेत. आमच्याही घरात आहे. नवऱ्याचं म्हणणं, पडदे रंगवणाऱ्याला आज काम कुठं मिळणार, जाईलच तो परत. मुलीचं म्हणणं, बाळाची लस अर्धी राहील, सायली जाणार नाही.

कंपनी पुण्याला गेली हे प्रकरण मात्र काही कोल्हापूरकरांनी मला अजून माफ केलेलं नाही. मंगळवार पेठेतल्या एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, कथाच लिहायची होती तर कंपनी इथंच ठेवायची, कोण अडवणार होतं? त्यांच्या आवाजातला सल मला कळतो. त्यांच्या लहानपणी घरोघरी कुणी ना कुणी सिनेमात होतं, सुतार, शिंपी, रंगारी. पण तिथं मी हलले नाही. १९३३ ला जे झालं ते झालं. माझ्या कथेत माणूस काळ ओलांडू शकतो, घडलेलं पुसू शकत नाही. ते पुसलं तर दत्ता-सायलीच्या निवडीला किंमत काय राहील?

एका वाचकाबद्दल मला सविस्तर लिहायचंय. सत्त्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, नातवाच्या गाडीवर बसून पतसंस्थेत मला शोधत आले. जन्म १९३५ चा. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे होते. आईचा फोटो नाही, कधी काढलाच नव्हता. त्यांना चेहरा आठवत नाही. पण १९३२ साली ती नवी नवरी म्हणून शिवाजी पेठेत आली होती, आणि माझी सायली १९३२ च्या शिवाजी पेठेतून रोज जाते हे त्यांनी वाचलं होतं. ‘तुमच्या मुलीला सांगा, जाता जाता आमच्या गल्लीत डोकवायला,’ एवढंच ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, आईबद्दल काय काय ठाऊक आहे? मावशीनं सांगितलेल्या दोन गोष्टी त्यांच्याकडं होत्या. कपाळावर गोंदण, आणि उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. माहेरी गुऱ्हाळ होतं, लहानपणी काहिलीतला उकळता रस उडाला होता.

मी एक परिच्छेद लिहिला. सायली वाट चुकते, गल्लीच्या तोंडाला पाण्याची घागर घेतलेली एक तरुण बाई उभी असते, कपाळावर गोंदण. सायली रस्ता विचारते. बाई घागर कमरेवर सरकवून उजव्या हातानं दाखवते, आणि मनगटावरचा डाग सायलीला दिसतो. बस्स, एवढंच. छापून यायच्या आधी मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग विचारलं, ‘लुगडं कुठल्या रंगाचं?’ मी रंग लिहिला नव्हता. तुम्ही सांगा, घालते, असं म्हटलं. ते बराच वेळ विचार करत राहिले. ‘हिरवं,’ म्हणाले. आणि लगेच, ‘नको. तिचं जे असेल ते असू दे.’ पुस्तकात रंग नाही. त्या परिच्छेदानंतर असे आणखी कितीतरी निरोप आले. कुणाचे आजोबा शाहू मिलमध्ये होते, कुणाची आत्या खासबागेजवळ राहायची. सगळ्यांना भेटवणं मला शक्य नव्हतं आणि मी तसं प्रत्येकाला स्वतः कळवलं. पण लोक अशा कथेकडं कशासाठी येतात ते मला तेव्हा समजलं. प्रेमाची गोष्ट त्यांना हवी असतेच, तिच्या आडून आपलं गेलेलं माणूसही एकदा बघून घ्यायचं असतं.

पुस्तक निघाल्यावर शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणारी एक मुलगी भेटायला आली. तिनं पुस्तक पेन्सिलीनं खुणा करून वाचलं होतं. म्हणाली, ‘मॅडम, सायली १९३२ ला कुठल्याही दारात उभी राहते, पाणी मागते, आणि तिला मिळतं. मी त्या मठातून बाहेर आलो असतो तर मला कुणी दिलं असतं?’ ती दलित वस्तीतली. तिच्या पणजोबांची पिढी म्हणजे त्याच सालातली माणसं. ‘मला पण जायचंय तिकडं,’ ती म्हणाली, ‘पण कुठल्या दारात जाऊ ते सांगा.’

आम्ही दोघी तेव्हापासून ते दार शोधतोय. शोधताना साल मागं सरकलं, १९२० वर आलं. भाऊसिंगजी रोडवर तेव्हा गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल होतं. अस्पृश्य मानलेल्या माणसाचं हॉटेल, म्हणून गावानं पाठ फिरवली, आणि शाहू महाराज मुद्दाम तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे, सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावला परिषद भरली आणि महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांकडं बोट दाखवून लोकांना सांगितलं की हा तुमचा पुढारी. नव्या कादंबरीतली मुलगी संध्यामठातून निघून थेट भाऊसिंगजी रोडला येते आणि त्या हॉटेलात बसते. तिचा पहिला चहा तिथंच. नायक कोण, यावरून आमचं दोघींचं अजून जुळलेलं नाही. मला तो हॉटेलात कपबशा धुणारा हवाय, तिला माणगावला पायी चालत गेलेला. तीन प्रकरणं झालीत. प्रत्येक प्रकरण आधी ती वाचते, तिच्या आजीला वाचून दाखवते, आणि आजीच्या दुरुस्त्या झाल्यावरच मी पुढचं लिहायला घेते.